पाटीवर 'मोगरा' लिहा

नर्सरीतल्या काळ्या पिशवीवर 'जॅस्मिन' अशी चिठ्ठी लावलेली असली, तर आत मोगरा असू शकतो. जाई, जुई किंवा कुंद असू शकतो. अनंत, तगर, रातराणी किंवा पारिजातकही असू शकतो. पहिल्या चार झाडांचे आपसात नाते आहे. पारिजातक त्यांचा लांबचा भाऊबंद. उरलेल्या तिघांचा या घराण्याशी काही संबंध नाही. अनंत कॉफीच्या कुळातला, तगर कण्हेरीच्या आणि रातराणी वांगी-बटाट्याच्या. चिठ्ठीवरचा शब्द मात्र सगळ्यांना एकच.

बागेतल्या पाट्या, नर्सरीतल्या चिठ्ठ्या, शाळेतले फुलांचे तक्ते, अगरबत्तीची आणि तेलाची वेष्टने, सगळीकडे हा शब्द हळूहळू मोगऱ्याच्या आणि जाईच्या जागी येऊन बसला आहे. तो काढावा, आणि त्या जागी मराठी नाव व शास्त्रीय नाव अशी जोडी लिहावी, असे माझे ठाम मत आहे. अस्मितेचा मुद्दा मी क्षणभर बाजूला ठेवतो. 'जॅस्मिन' हा शब्द नाव म्हणून काम करत नाही, माझी मुख्य तक्रार ही आहे.

शब्दाचा प्रवास पाहिला की कारण कळते. फारसी 'यासमन', अरबी 'यासमीन', तिथून फ्रेंच आणि फ्रेंचमधून 16व्या शतकात इंग्रजी. इंग्लंडात तेव्हा पोहोचलेली वेल म्हणजे आपल्या जाईची सख्खी बहीण, जॅस्मिनम ऑफिसिनेल. पांढरी, पाच पाकळ्यांची, सुवासिक. इंग्रजांसाठी त्या शब्दाचा अर्थ सुरुवातीला हाच आणि एवढाच होता. याच शब्दाचे 'जेसमिन', 'जेसमी' असेही उच्चार चालत. 18व्या शतकात तर अंगाला अत्तर फासून मिरवणाऱ्या छानछोकी पुरुषाला 'जेसमी' म्हणू लागले. म्हणजे फुलाच्या नावातले फूल मागे पडून वासच पुढे आला होता.

पुढे जहाजांतून नवनवी झाडे येत गेली. जे पांढरे आणि सुवासिक दिसेल त्याच्या नावाला 'जॅस्मिन' जोडायचे आणि पुढे एक विशेषण लावायचे, अशी इंग्रजीची रीत पडली. अनंताला 'केप जॅस्मिन' म्हणाले, कारण तो आफ्रिकेच्या केपहून आला असा समज होता. तो खरा चीनकडचा. 1761 मध्ये जॉन एलिस यांनी त्याला गार्डेनिया जॅस्मिनॉइड्स हे शास्त्रीय नाव दिले. प्रजातीचे नाव अमेरिकेतल्या चार्ल्सटन गावचे डॉक्टर अलेक्झांडर गार्डन यांच्यावरून, आणि पुढच्या शब्दाचा अर्थ 'जॅस्मिनसारखा'. शास्त्रीय नावाने निदान 'सारखा' म्हणण्याचा प्रामाणिकपणा राखला. बोलीतल्या नावात तोही गेला. तगर 'क्रेप जॅस्मिन' झाली, रातराणी 'नाइट-ब्लूमिंग जॅस्मिन', पारिजातक 'नाइट-फ्लॉवरिंग जॅस्मिन', आणि घाईत दोन्ही नुसती 'नाइट जॅस्मिन'.

अशी नावे मराठीतही आहेत. विलायती चिंच ही चिंच नव्हे. पण आपण तिला कधी नुसती 'चिंच' म्हणत नाही, आणि कुणी ती आमटीत घालत नाही. विशेषण जागेवर आहे तोवर नाव चालते. इंग्रज माळी 'केप' किंवा 'क्रेप' हा शब्द गाळत नाही, कारण भेद त्या शब्दातच आहे हे त्याला ठाऊक असते. आपण नाम उचलले आणि विशेषण तिकडेच ठेवून आलो. आपल्या पाट्यांवरची चूक ही आहे.

'पांढरे आणि सुवासिक' ही खूणही टिकत नाही. जॅस्मिनम न्यूडिफ्लोरम हे अस्सल जॅस्मिनम आहे, इंग्लंडात हिवाळ्यात निष्पर्ण फांद्यांवर फुलते, पण ते पिवळे आहे आणि त्याला वास नाही. आपला कुंद घ्या. त्याची ख्याती शुभ्रतेची, म्हणून दातांना कुंदकळ्यांची उपमा. वास जेमतेम. उलट रातराणी गल्लीच्या टोकापर्यंत घमघमते, आणि ती जॅस्मिनम नाही. वासावरून नाव ठेवले तर कुंद बाहेर जातो आणि रातराणी आत येते.

यात खरा धोका रातराणी आणि पारिजातक यांच्या घोळात आहे. गृध्रसीवर, म्हणजे सायटिकावर, पारिजातकाच्या पानांचा काढा आयुर्वेदात सांगितला आहे आणि तो घरोघरी केला जातो. आता कुणी 'नाइट जॅस्मिन'ची पाने म्हणून झाड शोधले, तर चिठ्ठीवर तेच नाव असलेली रातराणी त्याच्या हाती येऊ शकते. रातराणी, सेस्ट्रम नॉक्टर्नम, खाण्यात विषारी आहे. विशेषतः तिची वाटाण्याएवढी पांढरी फळे लहान मुलांच्या तोंडात जाता कामा नयेत. तिचा भाऊ 'दिन का राजा', सेस्ट्रम डाययर्नम, इंग्रजीत 'डे जॅस्मिन' आहे. त्याच्या पानांत ड जीवनसत्त्वासारखे काम करणारे द्रव्य असते. ते चरण्यात आले की जनावरांच्या रक्तातले कॅल्शियम वाढते आणि रक्तवाहिन्यांत, इतर मऊ अवयवांत चुना साचू लागतो.

अमेरिकेत हाच घोळ वेगळ्या झाडाने केला आहे. दक्षिण कॅरोलायना राज्याचे 1924 पासूनचे राज्यफूल 'यलो जेसमिन', शास्त्रीय नाव जेल्सेमियम सेम्परव्हिरेन्स. होमिओपॅथीच्या डबीवरचे 'जेल्सेमियम' आपल्या ओळखीचे आहे, ते याच झाडाचे. डबीतल्या गोळीत ते अतिसौम्य केलेले असते. मूळ झाडाची गोष्ट निराळी. मूळ, पान, फूल, मधुरस, सगळे विषारी. हनीसकल ही गोड मधुरसाची वेल समजून फुलातला रस चोखल्याने तिकडे मुलांना विषबाधा झाली आहे. नाव 'जेसमिन' म्हटल्यावर सावध होण्याचे कारणच कुणाला दिसत नाही.

आता घरच्या कुंडीत काय बिघडते ते पाहू. 'जॅस्मिनची छाटणी कधी करावी' या प्रश्नाला उत्तर नाही, कारण प्रत्येक झाडाचा फुलण्याचा काळ वेगळा. मोगरा उन्हाळ्यात बहरतो. त्याला नोव्हेंबर-अखेरीपासून जानेवारीपर्यंत पाणी तोडून, जमिनीपासून दीड-दोन फुटांवर छाटतात. नव्या फुटव्यांच्या टोकांना कळ्या लागतात, म्हणून छाटणी जितकी नेटकी तितकी फुले. जाई-जुईची छाटणी जानेवारीच्या अखेरीस. कुंद मात्र ऐन थंडीत फुलतो. डिसेंबरात 'जॅस्मिन' म्हणून त्याच्यावर कात्री चालवली तर वर्षाची फुले कचऱ्याच्या टोपलीत जातात. तो बहर संपल्यावरच छाटायचा. मोगरा कुंडीत झुडूप म्हणून नांदतो, पण त्याला निदान पाच-सहा तास थेट ऊन हवे. जाईला चढायला मांडव किंवा गजाचा आधार हवा. अनंताचे दुखणे अजून वेगळे. त्याला आंबूस माती लागते. बोअरवेलच्या जड पाण्याने पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. ती लोहाची कमतरता असते. तिच्यावर मोगऱ्यासाठी सांगितलेला शेणखताचा उपाय चालत नाही, चिलेटेड लोह, म्हणजे मुळांना शोषता येईल अशा रूपातले लोह, द्यावे लागते. झाड मरते तेव्हा लोक म्हणतात, 'आमच्या हाताला जॅस्मिन लागत नाही.' हाताचा दोष नसतो, चिठ्ठीचा असतो.

चिठ्ठी चुकीची असली तरी झाड बोलते. पान मोडून पाहा. पांढरा चीक आला तर तगर किंवा तिच्या कुळातले काहीतरी आहे. इंग्रजीत 'स्टार जॅस्मिन' म्हणून विकली जाणारी वेलही याच कुळातली, चिकाची. चीक नसेल तर पानांची मांडणी पाहा. एकाआड एक पाने असली तर रातराणीची शंका घ्या, कारण आपल्याकडच्या मोगरा, जाई, जुई, कुंद या चौघांची पाने समोरासमोर जोडीने येतात. मोगऱ्याचे पान एकटे, रुंद, चकचकीत. कुंदाचे एकटेच, पण मऊ लव असलेले. जाईचे पान पिसासारखे, एका देठावर सात-नऊ पर्णिका, आणि कळीला बाहेरून गुलाबी झाक. जुईचे पान पाहण्यासारखे असते. मधली पर्णिका मोठी आणि तिच्या बुडाशी दोन इवल्या पर्णिका, कानाच्या पाळ्यांसारख्या. तिचे शास्त्रीय नाव जॅस्मिनम ऑरिक्युलेटम. लॅटिन 'ऑरिक्युला' म्हणजे छोटा कान. हे नाव एकदा कळले की जुई ओळखायला दुसरी खूण लागत नाही. पारिजातकाची चौकोनी फांदी आणि पॉलिश पेपरसारखे खरखरीत पान बोटांनाच कळते.

फूल हाताशी असेल तर नखाने नळी उभी चिरा. जॅस्मिनमच्या नळीत दोनच पुंकेसर चिकटलेले दिसतात. रातराणीत आणि तगरीत पाच असतात, अनंतात पाच-सहा किंवा जास्त. पारिजातकातही दोन, कारण तो त्याच, म्हणजे ऑलिव्हच्या, कुळातला. त्याची नारिंगी दांडी त्याला वेगळा काढते. टपोऱ्या दाट मोगऱ्यात ही परीक्षा फसते, कारण त्यात पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात. तिथे पानावर भरवसा ठेवावा.

शास्त्रीय नावेही बदलतात, मग त्यांचा आग्रह कशाला, असा आक्षेप येतो. आक्षेप खरा आहे आणि त्याचे उत्तम उदाहरण मोगराच आहे. 1753 मध्ये लिनिअसने, म्हणजे शास्त्रीय नावांची आजची पद्धत रुजवणाऱ्या स्वीडिश शास्त्रज्ञाने, मोगऱ्याला पारिजातकाच्या प्रजातीत घातले होते, निक्टँथस सॅम्बॅक या नावाने. 1789 मध्ये विल्यम एटन यांनी तो जॅस्मिनममध्ये हलवला. दोन पुंकेसरांनी लिनिअसलाही चकवले असेल. पण हा बदल कुणी, कधी केला याची नोंद आहे. जुने नाव घेऊन गेलात तरी नव्या नावापर्यंत पोहोचता येते. 'जॅस्मिन'च्या बाबतीत अशी नोंद कुणी ठेवत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: मराठी नावे तरी कुठे नेमकी आहेत? नाहीत. आयुर्वेदातले 'तगर' हे व्हॅलेरियाना प्रजातीतले मूळ, आणि अंगणातली तगर म्हणजे टॅबर्नेमोंटाना. उत्तर प्रदेशातल्या किंतूरचा प्रसिद्ध 'पारिजात' म्हणजे आपली गोरखचिंच. जाई आणि चमेली काही जण एकच मानतात, काही जण वेगळ्या. म्हणूनच नुसते मराठी नाव लिहा असे मी म्हणत नाही. मराठी नाव झाडाला इथल्या माणसांशी, देवघराशी, गजऱ्याशी जोडते. शास्त्रीय नाव त्याला नेमकेपणा देते. इंग्रजी बोलीनाव या दोहोंपैकी एकही काम करत नाही, म्हणून पाटीवरची जागा अडवण्याचा त्याला हक्क नाही.

तिसरा आक्षेप व्यापाराचा: परदेशात माल विकायचा तर इंग्रजी नाव हवे. अत्तराच्या व्यापारातच याचे उत्तर आहे. तिथे नुसते 'जॅस्मिन' विकले जात नाही. 'ग्रँडिफ्लोरम' आणि 'सॅम्बॅक', म्हणजे जाई आणि मोगरा, असे दोन वेगळे माल, दोन वेगळे दर. एक किलो जाईचे काँक्रीट, म्हणजे फुलांतून काढलेला मेणचट सुगंधी अर्क, मिळवायला साधारण 300 ते 400 किलो फुले लागतात, आणि मोगऱ्याला त्याहून जास्त. इतका महाग माल घेताना कुणी धूसर शब्दावर भागवत नाही. सौंदर्यप्रसाधनाच्या बाटलीवर पुढे मोठ्या अक्षरांत 'जॅस्मिन' असते. मागे बारीक अक्षरांत घटकांची यादी असते आणि तिथे वनस्पतीचे लॅटिन नाव द्यायची पद्धत आहे. त्या यादीत 'जॅस्मिनम सॅम्बॅक' किंवा 'जॅस्मिनम ऑफिसिनेल' दिसले तर काहीतरी फूल आहे. नुसते 'फ्रॅग्रन्स' किंवा 'परफ्यूम' दिसले तर फुलाचा वास आहे, फूल असेलच असे नाही. ग्राहकाने बाटली उलटून पाहावी.

खाण्यापिण्यातही तेच. 'जॅस्मिन टी' म्हणजे मोगऱ्याचा चहा. चीनमधल्या फूझोऊत आणि ग्वांगशीत दुपारच्या उन्हात मिटलेल्या कळ्या खुडतात, रात्री त्या उमलू लागल्या की हिरव्या चहात मिसळतात, सकाळी चाळून काढतात आणि चहा पुन्हा कोरडा करतात. उंची चहाला हे पाच ते सात वेळा, दर वेळी ताज्या कळ्यांनी. आपल्या दुकानांत हा चहा 'जॅस्मिन' म्हणून येतो आणि पिणाऱ्याला हा आपलाच मोगरा आहे याचा पत्ता नसतो. 'जॅस्मिन राइस'मध्ये तर फुलाचा संबंधच नाही. थाई भाषेतल्या 'माली' फुलाचे नाव त्या तांदळाला मिळाले. त्याचा सुवास ज्या द्रव्याचा, त्याच द्रव्यामुळे बासमती आणि आंबेमोहोर घमघमतात.

शब्दाचा राजकीय वापर घ्या. 2010-11 मध्ये ट्युनिशियात सत्तापालट झाला तेव्हा पाश्चात्त्य वृत्तपत्रांनी 'जॅस्मिन रेव्होल्यूशन' असे नाव चालवले. तिथल्या लोकांनी मात्र त्याला 'प्रतिष्ठेची क्रांती' म्हणणे पसंत केले. ज्यांचे रक्त सांडले त्यांना फुलाचे कोवळे नाव पटणारे नव्हतेच. 2011 मध्ये चीनमध्ये तशाच निदर्शनांची हाक दिली गेली, आणि इंटरनेटवर त्या फुलाचे चिनी नाव शोधणेच बंद केले गेले. विशेष म्हणजे चिनी 'मोली' हे मोगऱ्याचे नाव, आणि ते संस्कृत 'मल्लिका'वरून आले असे मानले जाते. ज्या अरबीतून इंग्रजीने शब्द घेतला ती अरबीसुद्धा भेद राखते. तिथे मोगरा 'फुल्ल' आणि जाई 'यासमीन'. भेद पुसला तो इंग्रजीने.

स्वतःचे नाव टिकवून जगात वावरता येते हे इतरांनी दाखवले आहे. फिलिपाइन्सने 1934 मध्ये मोगऱ्याला राष्ट्रीय फूल केले ते 'साम्पागिता' या नावाने, आणि इंग्रजीत लिहितानाही तिथले लोक तेच नाव लिहितात. इंडोनेशियाची 'मलाती' तशीच. तमिळनाडूने मदुराईच्या मोगऱ्याला 2013 मध्ये भौगोलिक मानांकन मिळवले ते 'मदुराई मल्ली' म्हणून. कर्नाटकात उडुपी, म्हैसूर आणि हडगली यांच्या 'मल्लिगे'लाही मानांकन मिळाले आहे. विक्रमगड, जव्हारचा आदिवासी शेतकरी पहाटे कळ्या खुडून दादरच्या फूलबाजारात पाठवतो. त्याच्या मालाला उद्या असे मानांकन मागायचे तर 'पालघर जॅस्मिन' नावाने काय मागणार? हे नाव त्याच्या शेतावर, बाजारात, घरात कुणीच उच्चारत नाही.

आणि आपले नाव दूरवर जाऊ शकत नाही असेही नाही. ते गेलेले आहे. 17व्या शतकाच्या अखेरीस गोव्याहून टपोऱ्या दाट पाकळ्यांचा मोगरा इटलीत टस्कनीच्या ग्रँड ड्यूकच्या बागेत पोहोचला. ड्यूकने तो जिवापाड जपला. इंग्रजीत आज त्या जातीचे नाव 'ग्रँड ड्यूक ऑफ टस्कनी', म्हणजे फूल सोडून मालकाचे नाव. इटालियन माळ्यांनी मात्र त्याला 'मुगेरीनो' म्हटले. पोर्तुगीजांनी कोकण किनाऱ्यावर 'मोगरा' ऐकून 'मोगरीम' केले, त्याचेच हे रूप. तीनशे वर्षांपूर्वी जो शब्द गोव्याहून फ्लॉरेन्सपर्यंत टिकला, तो पुण्यातल्या सोसायटीच्या बागेत टिकत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

करायचे ते फार नाही. पाटीवर पहिली ओळ मोठ्या अक्षरांत मराठी नावाची. दुसरी ओळ शास्त्रीय नावाची, रोमन लिपीत, कारण शोध त्याच लिपीत घेतला जातो. तिसऱ्या ओळीत फुलण्याचे महिने. इंग्रजी नाव हवेच असेल तर चौथ्या ओळीत, विशेषणासकट. नर्सरीवाल्याला एवढेही जमत नसेल तर त्याने मार्करने नुसते 'मोगरा' किंवा 'कुंद' लिहावे. रोप त्याने त्याच नावाने मागवलेले असते, छाटकलम करणारा मजूरही तेच नाव घेतो. चिठ्ठी छापतानाच ते बदलते. शाळेच्या तक्त्यावर एका पांढऱ्या फुलाऐवजी चार पानांची चित्रे काढावीत: मोगऱ्याचे, कुंदाचे, जाईचे आणि जुईचे कान असलेले. आणि ज्या बागेत पारिजातक व रातराणी दोन्ही लावले आहेत तिथे रातराणीच्या पाटीवर आणखी एक ओळ हवी, लहान मुलाला वाचता येईल अशा अक्षरांत: याची पाने आणि फळे खाऊ नयेत.